कॅन्सर व्हायला वीस वर्षं लागतात, मग लस लागू पडते हे आत्ताच कसं कळलं?

वाचकाचं पत्र:

डॉक्टरबाई, नमस्कार. मी ३८ वर्षांची आहे. सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते. महिला मंडळाच्या शिबिरात पॅप स्मिअर केली, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन तपासल्या. रिपोर्ट खराब आला. मग पिशवीच्या तोंडाचा तुकडा काढून तपासला, त्यात ‘सीआयएन ३’ निघालं. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नाही, कॅन्सरच्या आधीची पायरी आहे. ‘लीप’ करून तेवढा भाग काढला. आता बरी आहे. माझी मुलगी आठवीत आहे, १३ वर्षांची. थोरल्या वन्सं ग्लासगोला असतात. त्यांच्या दोन्ही मुलींना एचपीव्हीची लस शाळेतच दिली होती. हिलाही द्या म्हणून त्या सारखा फोन करतात. सासूबाई म्हणतात, लग्न न झालेल्या पोरीला असलं इंजेक्शन कशाला? मिस्टरांना कुणीतरी मोबाइलवर पाठवलंय की आंध्रात या लशीनं मुली दगावल्या. शिवाय ते विचारतात, कॅन्सर व्हायला वीस वर्षं लागतात, लस तर काल-परवा आली, मग ती कॅन्सर थांबवते हे बघितलं कुणी? मला उत्तर देता आलं नाही. मी स्वतः आता लस घेतली तर चालेल का? आणि मला हे कशामुळे झालं असेल? हे कुणाला विचारता येत नाही म्हणून तुम्हाला लिहिते.

उत्तर:

ताई, नमस्कार.

शेवटचा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात, पण पत्र लिहायला बसलात ते त्याच्यासाठीच असं मला वाटतं. म्हणून आधी तोच घेते.

तुम्हाला जे झालं ते एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे. पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सरही त्याच्यामुळेच होतो, आणि लस आहे ती याच विषाणूविरुद्ध. तो शरीरसंबंधातून येतो हे खरं आहे. पण ज्यांचा म्हणून कधी शरीरसंबंध आला, मग तो लग्नानंतर आणि एकाच माणसाशी का असेना, त्यातल्या बहुतेकांना हा विषाणू कधी ना कधी गाठतोच. बायकांनाही आणि पुरुषांनाही. दहातल्या नऊ जणींच्या अंगातून तो दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो, त्यांना पत्ताही लागत नाही. उरलेल्या एखादीच्या पेशींत तो ठाण मांडून बसतो. तुमच्या बसला. तो पाच वर्षांपूर्वी आला की पंधरा, हे जगातली कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. त्यामुळे कुणाकडून आला हेही कळत नाही, आणि त्याचा शोध घ्यायला जाऊ नका. या एका प्रश्नावरून चांगले संसार उसवताना मी पाहिले आहेत. अंगाची स्वच्छता कमी पडली, बाळंतपणात पथ्य पाळलं नाही, असलं कुणी बोललं तर ते मनाला लावून घेऊ नका. तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही. उलट शिबिरात नाव नोंदवलंत आणि रिपोर्ट खराब आल्यावर घाबरून घरी बसला नाहीत, म्हणून आज तुम्ही बऱ्या आहात.

आता मिस्टरांचा प्रश्न. तो नीट विचार करणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. ते उत्तर तुमच्याच रिपोर्टपासून सुरू होतं.

तुमची कोल्पोस्कोपी झाली असेल, म्हणजे मोठ्या भिंगातून पिशवीचं तोंड बघितलं असेल. तुम्ही टेबलावर झोपलेल्या होतात, आम्हाला काय दिसतं ते तुम्हाला दिसलं नसणार. निरोगी पिशवीचं तोंड ओठाच्या आतल्या बाजूसारखं गुलाबी, ओलसर आणि तुकतुकीत असतं. कापसाच्या बोळ्यानं त्यावर पातळ ॲसेटिक ॲसिड लावतात, व्हिनेगरमध्ये असतं तेच. आणि मिनिटभर थांबतात. त्या मिनिटात खोलीत कुणी बोलत नाही. जिथल्या पेशी बदललेल्या असतात तिथला गुलाबी रंग हळूहळू पांढरा होत जातो, तापलेल्या दुधावर साय धरावी तसा. बदल किरकोळ असेल तर पांढुरका रंग विरळ असतो, त्याच्या कडा अस्पष्ट असतात आणि तो लवकर विरतो. तुमच्यासारखा सीआयएन ३ असेल तर डाग दाट येतो, कडा ठळक असतात, आणि तो बराच वेळ जात नाही.

सीआयएनच्या पुढचा आकडा अस्तराची किती जाडी बदलली आहे ते सांगतो. १ म्हणजे तळाचा एक तृतीयांश, २ म्हणजे दोन तृतीयांश, ३ म्हणजे जवळजवळ सगळी जाडी. पण या तिन्हींमध्ये अस्तराखालचा पडदा शाबूत असतो. बदललेल्या पेशी तो पडदा फोडून खाली उतरल्या की त्याला कॅन्सर म्हणायचं. विषाणू अंगात ठाण मांडून बसला तर हा पांढरा डाग काही वर्षांतच दिसू शकतो. पडदा फुटायला मात्र साधारण पंधरा-वीस वर्षं जातात.

म्हणजे मिस्टरांचा वीस वर्षांचा हिशेब बरोबर आहे. पण त्या वाटेवर मधे एक ठिकाण लागतं. पंढरपूरहून सोलापूरला निघालेली एसटी मोहोळवरून जाते. मोहोळच्या स्टँडवर उभं राहून कुणी मोजत बसलं आणि पूर्वी दिवसाला साठ गाड्या यायच्या तिथे आता सहाच येताहेत असं दिसलं, तर सोलापुरात काय होणार हे कळायला सोलापूरला जाऊन थांबावं लागत नाही. सीआयएन ३ हे या आजाराचं मोहोळ आहे.

आणि हा डाग खरंच कॅन्सरकडे जातो का, तर तेही माहीत आहे, आणि ज्या पद्धतीनं माहीत झालं ते वाईट आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका रुग्णालयात १९६० आणि ७० च्या दशकांत हर्बर्ट ग्रीन नावाच्या डॉक्टरांची अशी समजूत होती की हे बदल निरुपद्रवी असतात. म्हणून कित्येक बायकांवर पुरेसे उपचार न करता त्यांना नुसतं पाहत ठेवलं. त्या बायकांना हे नीट सांगितलंही नव्हतं. पुढे १९८७-८८ मध्ये त्याची न्यायालयीन चौकशी झाली. २००८ मध्ये त्या बायकांच्या नोंदींचा हिशेब प्रसिद्ध झाला: उपचार अपुरे राहिलेल्यांत ३० वर्षांमध्ये शंभरातल्या ३१ जणींना कॅन्सर झाला. ज्यांच्यावर पहिल्यांदाच नीट उपचार झाले त्यांच्यात हे प्रमाण शंभरात एकसुद्धा नव्हतं, ०.७ टक्के. ताई, दुसरा आकडा तुमचा आहे. तो लक्षात ठेवा. पहिला आकडा मिस्टरांना सांगा. सीआयएन ३ टळला म्हणजे काय टळलं, ते त्यातून कळेल.

आता वन्संच्या स्कॉटलंडकडे येते, कारण मोहोळच्या स्टँडवरची ही मोजणी तिथे फार नीट झाली आहे.

स्कॉटलंडमध्ये सप्टेंबर २००८ पासून १२-१३ वर्षांच्या मुलींना शाळेतच लस द्यायला सुरुवात झाली. थोड्या मोठ्या, १८ वर्षांपर्यंतच्या मुलींसाठीही सुरुवातीची काही वर्षं मोहीम चालवली. शाळेत दिल्यामुळे दहातल्या नऊ मुलींना लस मिळाली. त्या देशात प्रत्येक माणसाला आरोग्यसेवेचा एकच क्रमांक असतो. बाराव्या वर्षी शाळेत लस घेतल्याची नोंद, विसाव्या वर्षी केलेल्या स्मिअरची नोंद आणि बायोप्सीचा रिपोर्ट, सगळं त्या एकाच क्रमांकाखाली असतं. शिवाय त्या काळात तिथे विसाव्या वर्षापासूनच स्मिअरसाठी बोलावणं यायचं. त्यामुळे कुणालाही न विचारता, कुणाच्या आठवणीवर न विसंबता, लस घेतलेली आणि न घेतलेली मुलगी विसाव्या वर्षी कशी आहे हे ताडून पाहता आलं.

१९८८ मध्ये जन्मलेल्या मुली लशीच्या मोहिमेत बसल्या नाहीत, त्यांचं वय उलटून गेलं होतं. १९९५ आणि १९९६ मध्ये जन्मलेल्यांना शाळेत वेळेवर लस मिळाली. १९८८ ते १९९६ या काळात जन्मलेल्या १,३८,६९२ मुलींच्या नोंदी तपासून एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष छापून आला. लस न मिळालेल्या १९८८ च्या मुलींत सीआयएन ३ किंवा त्याहून पुढचा बदल दहा हजारांमागे ५९ जणींना होता. लस घेतलेल्या १९९५-९६ च्या मुलींत दहा हजारांमागे ६. म्हणजे ८९ टक्के घट. सीआयएन २ आणि त्यापुढचे सगळे बदल एकत्र धरले तर दहा हजारांमागे १४४ वरून १७ वर आले.

मी कित्येक वर्षं त्या पांढऱ्या डागांकडे बघत आले आहे. ५९ चे ६ होणं म्हणजे काय, हे माझ्यासारखीला आकड्याआधी डोळ्यांपुढे दिसतं. ५३ मुली त्या टेबलावर आल्याच नाहीत. त्यांना तारेच्या तापलेल्या कडीनं पिशवीच्या तोंडाचा भाग कापून घ्यावा लागला नाही. तुमचं मूल होऊन गेलं आहे, तुम्हाला ती काळजी नाही. पण विशी-पंचविशीतल्या मुलीचं लीप करताना माझा हात जड होतो, कारण पिशवीचं तोंड आखूड झालं की पुढच्या गरोदरपणात दिवस भरायच्या आत बाळंत होण्याचा धोका वाढतो. लस कॅन्सर टाळते असं आपण म्हणतो तेव्हा ही गोष्ट मागे पडते. कॅन्सर झालाच नसता अशाही कितीतरी मुली या कापाकापीतून, त्या रिपोर्टची वाट बघण्यातून आणि तुम्ही काढल्यात तसल्या रात्रींतून वाचल्या.

त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या. ज्यांनी स्वतः लस घेतली नव्हती पण ज्यांच्या बरोबरीच्या बहुतेक मुलींनी घेतली होती, त्यांच्यातही गंभीर बदल कमी झाले. विषाणूला एकीकडून दुसरीकडे जायला माणसंच उरली नाहीत. आणि लस कोणत्या वयात घेतली यानं फार फरक पडला. १२-१३ व्या वर्षी घेतलेल्यांत सीआयएन ३ विरुद्ध संरक्षण ८६ टक्के, १७ व्या वर्षी घेतलेल्यांत ५१ टक्के. लस तीच, देश तोच. सासूबाईंना उत्तर देताना हा आकडा कामी येईल, त्याकडे पुन्हा येते.

मिस्टर म्हणतील, ठीक आहे, मोहोळला गाड्या कमी आल्या, पण सोलापूरचं काय? आता तेही दिसलं आहे. ही लस २००६ मध्ये बाजारात आली, म्हणजे काल-परवाची राहिलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये स्कॉटलंडचाच पुढचा हिशेब आला: १२-१३ व्या वर्षी लस घेतलेल्या मुलींत तोपर्यंत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची एकही नोंद सापडली नाही. एकही नाही. इंग्लंडमध्ये २०२१ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जो अभ्यास आला त्यात १२-१३ व्या वर्षी लस देऊ केलेल्या पिढीत सीआयएन ३ मध्ये ९७ टक्के आणि कॅन्सरमध्ये ८७ टक्के घट दिसली. २०१९ च्या मध्यापर्यंत तिथे ४४८ कॅन्सर आणि १७,२३५ सीआयएन ३ टळले असा त्यांचा अंदाज आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. जे आधी मोहोळला घटलं तेच मागोमाग सोलापुरात घटलं. स्वीडनमध्ये सुमारे पावणेसतरा लाख मुली-बायकांच्या नोंदी पाहिल्या, तिथे १७ वर्षांच्या आत लस घेतलेल्यांत कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी निघाला.

परदेशचेच आकडे सांगते आहे, आपल्याकडचे का नाहीत, असं तुम्हाला वाटेल. मला त्याचं दुःख आहे. मोजायला आधी तपासावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी झाली होती अशा शंभरात दोनसुद्धा नव्हत्या. आपल्याकडे तो पांढरा डाग कुणाला दिसतच नाही. बाई येते ती थेट शेवटच्या टप्प्यावर. ऊसतोडीहून परतलेली एक बाई मला अजून आठवते. पंचेचाळिशीची असेल. पाच-सहा महिने अंगावरून पांढरं जात होतं, त्याला वास येत होता, म्हणून घरात ती एका कोपऱ्यात झोपायची. पाळी गेलेली, तरी मधेच रक्त जायचं. मी तपासायला घेतलं आणि बोटाला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खरखरीत गाठ लागली. नुसता स्पर्श झाला तरी भळभळा रक्त आलं. तिला चार मुलं होती, चारही दवाखान्यात झालेली. म्हणजे चारदा ती दवाखान्यात आली होती आणि नंतरच्या इतक्या वर्षांत ही तपासणी कुणी एकदाही केली नव्हती. २०२२ या एका वर्षात भारतात या कॅन्सरच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण आणि जवळजवळ ८० हजार मृत्यू, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा अंदाज आहे. मला त्यातली ती एक दिसते.

आंध्राची गोष्ट आता सांगते, कारण ती लपवून चालणार नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमध्ये वडोदरा जिल्ह्यात एका प्रकल्पात हजारो मुलींना ही लस दिली गेली. नंतरच्या काळात त्यातल्या सात मुली वारल्या. सरकारनं चौकशी समिती नेमली. एकीला साप चावला होता, एक बुडाली होती, दोघींनी कीटकनाशक घेतलं होतं, एकीला मलेरिया झाला होता. उरलेल्या दोघींच्या मृत्यूचं कारण ठामपणे ठरवता आलं नाही, पण लशीशी त्याचा संबंध असण्याची शक्यता फार कमी असल्याचं समितीनं नोंदवलं. समितीला आणि नंतर संसदेच्या स्थायी समितीला जे गंभीर वाटलं ते वेगळं होतं: आश्रमशाळांतल्या आदिवासी मुलींच्या आईबापांना न विचारता वॉर्डननी सह्या केल्या होत्या. हा अपराधच होता. मुलीला काय टोचतोय हे आईबापांना नीट सांगायलाच हवं. तुम्ही आज जे प्रश्न विचारताय ते त्या आयांना विचारूच दिले नाहीत. मिस्टरांनी त्या बातमीवर रागवावं ते यासाठी. लशीनं मुली मारल्या हे मात्र त्यातून निघत नाही.

त्या गदारोळात आणखी एक गोष्ट घडली आणि तिचा संबंध तुमच्याच जिल्ह्याशी आहे. दोन डोस पुरतात की तीन लागतात हे पाहण्यासाठी त्याच काळात देशात एक वेगळा अभ्यास चालू होता. त्याची नऊ केंद्रं होती. त्यात पुणं, मुंबई होतं, आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयही होतं. एप्रिल २०१० मध्ये सरकारनं सगळीकडचं लसीकरण थांबवायला सांगितलं. त्यामुळे जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला, पुढचे राहून गेले. अभ्यास करणाऱ्यांनी त्या मुलींना सोडून दिलं नाही. दहा वर्षं त्यांचा पाठपुरावा केला, त्या मोठ्या झाल्या, लग्नं होऊन सासरी गेल्या, तिथवर जाऊन नमुने घेतले. २०२१ मध्ये निकाल आला. विषाणूच्या १६ आणि १८ या मुख्य जाती अंगात ठाण मांडून बसू नयेत यासाठी एका डोसचं संरक्षण ९५ टक्क्यांच्या घरात निघालं, दोन-तीन डोसांच्या तोडीस तोड. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये ९ ते २० वयाच्या मुलींना एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागे जो पुरावा होता त्यात हा अभ्यास मोठा होता. आज आफ्रिकेतल्या एखाद्या गरीब देशात एका डोसवर मुलींचं काम भागतं, त्यात बार्शी भागातल्या त्या मुलींचा वाटा आहे. वन्संना हे फोनवर जरूर सांगा.

आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्या मनात असं आहे की हे इंजेक्शन म्हणजे मुलीला काहीतरी परवानगी देणं. तुमच्याकडे जुन्या घरांना माळवद असतं. त्यावर पांढरी माती मिरगाच्या आधी टाकतात. घर गळायला लागल्यावर माती टाकून काय उपयोग, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. ही लस अंगात आलेला विषाणू बाहेर काढत नाही, तो आत शिरण्याआधी वाट अडवते. म्हणून १३ व्या वर्षी ८६ आणि १७ व्या वर्षी ५१. लग्न ठरल्यावर बघू असं म्हणणं म्हणजे आभाळ भरून आल्यावर माती शोधायला जाणं. आणि नात १३ वर्षांची आहे म्हणून तिला यातलं काहीही समजावत बसायची गरज नाही. पोलिओचा डोस देताना आपण बाळाला पोलिओ समजावला नव्हता. ‘आईला जो त्रास झाला तो तुला होऊ नये म्हणून’ एवढं तिला पुरे आहे.

लशीत काय असतं हेही त्यांना सांगा. शेंगेचं नुसतं टरफल असावं आणि आत दाणा नसावा, तशी ती आहे. विषाणूचं बाहेरचं कवच प्रयोगशाळेत बनवलेलं असतं, आत त्याचं बीज नसतं. त्यामुळे लशीतून हा आजार होऊ शकत नाही. पुढे मूल न होण्याशी तिचा संबंध नाही. दंड दुखतो, कधी बारीक ताप येतो. मोठी ॲलर्जी दहा लाख डोसांमागे एक-दोघींना होते, म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटं दवाखान्यातच बसवतात. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ २०२३ पासून मिळते.  पैसे खर्चायच्या आधी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, तुमच्या भागात मोफत मिळत असेल तर तीच घ्या. सरकारी म्हणून ती कमी प्रतीची नसते. खासगीत १५ वर्षांच्या आतल्या मुलीला सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस सांगतात. तसं सांगितलं तर दोन्ही घ्या.

आणि हे मात्र तिच्या वहीत लिहून ठेवा: लस घेतली तरी तिशीत तिला एचपीव्हीची तपासणी करावीच लागेल. लस विषाणूच्या मुख्य जातींना अडवते, सगळ्या जातींना नाही. स्कॉटलंडमध्येही लस घेतलेल्या मुलींना तपासणीचं पत्र येतंच.

तुमच्या स्वतःच्या लशीचं विचारलंत. झालेला बदल लस बरा करत नाही. लीपनंतर लस घेतली तर बदल पुन्हा होण्याचं प्रमाण कमी होतं का, यावर जगात अभ्यास झाले आहेत. काहींत फायदा दिसला, पण सगळ्यांचं एकमत व्हावं इतका पुरावा भक्कम नाही. पैसे मोजके असतील तर ते लेकीच्या लशीला आणि तुमच्या पुढच्या तपासणीला ठेवा. तुमच्यासाठी खरं औषध ती तपासणीच आहे. लीपनंतर सहा महिने ते वर्षाच्या आत एचपीव्हीची तपासणी झाली पाहिजे, आणि ती चांगली आली तरी तिथे थांबायचं नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षं डॉक्टर सांगतील तशा अंतरानं जात राहायचं. लीपमध्ये काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट शोधा. त्यात ‘मार्जिन’ असा शब्द असेल. त्याच्यापुढे कड मोकळी आहे असं लिहिलंय की कडेपर्यंत बदल आहेत असं, ते पुढच्या वेळी डॉक्टरांना मुद्दाम विचारा. तपासणी कधी आणि किती वेळा, हे बऱ्याच अंशी त्या ओळीवर ठरतं.

घरात जाऊ असतील, बहीण असेल, तिशी ओलांडलेली असेल, तर त्यांनाही घेऊन जा. तुमच्या शेजारच्याच उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर एक मोठा अभ्यास झाला होता, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांत बायकांची एचपीव्हीची तपासणी झाली, आयुष्यात फक्त एकदा, तिथे पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्या बायका तुमच्यासारख्याच होत्या, शेतावर जाणाऱ्या, आधी लाजणाऱ्या, शेजारीण गेली म्हणून गेलेल्या.

लेकीला लशीला न्याल त्या दिवशी उपाशीपोटी नेऊ नका, या वयाच्या मुलींना सुई बघून भोवळ येते. नाश्ता करून न्या, टोचताना बसवून किंवा आडवं करून टोचायला सांगा, आणि ती पंधरा मिनिटं तुम्ही तिच्याजवळ बसा. मिस्टरांनाही बरोबर घ्या. त्यांना आणखी काही विचारायचं असेल तर त्यांनी स्वतः लिहिलं तरी चालेल, मी उत्तर देईन.

तुमची,
डॉक्टरताई